मल्लूच्या जागेतली डबी

भूत पाहिलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, भूत एकही नाही. अंगात येणाऱ्या एकीला मी तोंडावर सांगितलं होतं, आधी घरचं धुणं आटप. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण मी खुळी नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला लिंबू-मिरची पाठवणार नाही.

माझा धाकटा भाऊ मल्लू एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होता, म्हणजे पायलटला वाट सांगणारा. विमान सरहद्दीपलीकडं पडलं तेव्हा तेवीस वर्षांचा. तार आली, देह नाही. आमच्यात, लिंगायतांत, माणसाला पुरतात, गळ्यातलं लिंग त्याच्या हातात ठेवून. अव्वानं, म्हणजे आईनं, गावी, मंद्रूपच्या शेतात वडिलांशेजारची जागा त्याच्यासाठी सोडली. तिथं कधी नांगर घालू दिला नाही. मरताना मला म्हणाली, "त्याचं लिंग आल्याबगर तितं माती ओढू नको, दगुड बसवू नको."

आता मी एकोणऐंशीची. मी गेले की ती जागा कोण राखणार, एवढीच काळजी होती.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला, शिवानंदला, अचानक काका आठवला... पंचायतीची निवडणूक होती ना! स्टँडसमोर स्मारक करायचं म्हणाला.

"आत्या, तितं लई लोक बघतील की!"

"शेतात एक दिवा लावला नाहीस कधी. आता लोक पाहिजेत व्हय?"

मल्लूचा चांगला फोटो एकच, आणि तो माझ्या भवानी पेठेतल्या घरी पेटीत. त्याच्या शेवटच्या पत्रातून आलेला — विमानाशेजारी उभा, कॉलर उघडी, लिंगाची चांदीची डबी बाहेर आलेली. डबीचा एक कोपरा चेपलेला. तो मीच चेपला होता, लहानपणी भांडणात जात्यावर आपटून.

फोटो पाहिजे तर दगड शेतात बसव, म्हटलं. कबूल झाला. अव्वाचा शब्द मोडत होते, कळत होतं. पण दगड नसता तर माझ्यामागं यांनी तिथं ट्रॅक्टरची शेड ठोकली असती.

कार्यक्रमाचा फ्लेक्स बघून मात्र डोकं फिरलं. मल्लूचं जाडजूड विमान काढून तिथं टोकदार फायटर चिकटवलेलं!

"ते जुनं म्हशीवानी दिसत हुतं, आत्या."

"त्याच म्हशीत बसून गेला रे तो."

खाली हात जोडलेले सात कार्यकर्ते. प्रत्येकाचं डोकं मल्लूच्या डोक्याहून मोठं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, सकाळी, महादेव नावाचा गडी दगडाचा पाया खणत होता; दगडावर लावायचा फोटो घेऊन मी शेजारीच उभी. दोन फुटांवर पहार खणकन वाजली. त्यानं हात घालून काढली ती चांदीची डबी, काळी पडलेली. कोपरा चेपलेला. मी फोटो शेजारी धरला... तोच कोपरा. आत लिंग.

"आज्जीनं पुरली असंल," शिवानंद म्हणाला.

"पोराच्या गळ्यातनं काढून आणायला अव्वा काय सरहद्दीपलीकडं एसटीनं गेली हुती?"

"मग दुसरी असंल."

"ती जात्यावर कुणी आपटली, तू?"

त्यानं डबी हातात घेऊन फिरवून बघितली. मग त्याचं तोंड उजळलं — "काचेच्या पेटीत ठेवू! आमदारसाहेबांच्या हस्ते..."

मी डबी पदरात घेतली आणि महादेवला सांगितलं, आणखी खण, माणसाला पुरतात तेवढं. आमच्यातले विधी करणाऱ्या जंगमांना बोलावलं. बेलपानासकट डबी खाली ठेवली. प्रत्येकानं मूठभर माती टाकली. शिवानंदची निम्मी त्याच्याच चपलांवर सांडली.

कार्यक्रमाला साहेब आले. मल्लूला पायलट म्हणाले, माझं नाव चुकवलं, नारळ फोडून गेले.

त्या फोटोनंतर मल्लू गावी आला नव्हता. ती जमीन कुणी उकरली नव्हती. एवढं मला पक्कं माहीत आहे. आता ज्याला त्याला याचा उलगडा झालाय. एक जण म्हणतो, उंदरांनी आणली असेल. सरहद्दीवरून!

मी अव्वाचा शब्द मोडायला निघाले होते. आधी लिंग आलं, मग माती पडली. शब्द मोडला नाही. तो मोडू न देणारं कोण, ते मला माहीत नाही. आणि तुम्हालाही नाही, तेव्हा उगीच सांगायला येऊ नका.