मेट्रनबाईंविरुद्ध तक्रार

"आज काय केलंत?"

सकाळी वॉर्डात शिरल्या की मेट्रनबाई प्रत्येक पलंगापाशी थांबून हा एकच प्रश्न विचारायच्या. चष्मा कपाळावर चढवायचा, दोन्ही हात पलंगाच्या दांडीवर ठेवायचे आणि विचारायचं. सगळ्या इस्पितळांत पेशंटला 'कसं वाटतंय?' असं विचारतात. आमच्याकडे डॉक्टरही तेच विचारत, सिस्टरही तेच, आणि मला तर पगारच त्याचा मिळत असे. बाईंना मात्र कोणाला कसं वाटतंय यात फारसा रस नव्हता. निदान तसं त्या दाखवत तरी.

नवा पेशंट गोंधळायचा. "काय करणार? आजारी आहे मी!"

"ते दिसतंय. इथे सगळे आजारीच आहेत. दात स्वतः घासलेत का? खिडकीपर्यंत जाऊन आलात का?"

"नाही."

"बरं. दुपारी परत विचारते."

आणि दुपारी त्या खरंच परत यायच्या. धमक्या देणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील, पण त्या इतक्या नियमाने पाळणारं माणूस माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि बिबवेवाडीतल्या या रुग्णालयात जनसंपर्क अधिकारी म्हणून लागलो. रुग्णालय एका विश्वस्त संस्थेचं. हुद्दा मोठा, टेबल लहान. काम एवढंच, की पेशंट आणि त्याचे नातेवाईक समाधानी आहेत का ते विचारायचं आणि नसतील तर त्यांचं ऐकून घ्यायचं. बँकेत जन्मभर लोकांची बोलणी खाल्ली होती, त्यामुळे अनुभव दांडगा होता. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण दोनच विषयांवर असत. एक पार्किंग आणि दुसरा मेट्रनबाई.

कसबा पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक उजव्या मनगटाच्या ऑपरेशनसाठी आले होते. जाताना त्यांनी मला सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: 'येथे सेवा मिळते अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात श्रम मिळतात. मेट्रन यांनी मला माझ्या चादरीची घडी स्वतः घालावयास लावली. हे रुग्णालय आहे की वसतिगृह, याचा खुलासा व्हावा.'

मी तो कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"हे त्यांनी कुठल्या हाताने लिहिलं?"

"उजव्या."

"मग झाला की खुलासा," म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे वळल्या.

आपल्याविरुद्धच्या तक्रारींची त्यांना गोडीच होती. जिन्यात भेटलो की विचारायच्या, "काय जनसंपर्क, आज कोणी माझं नाव घेतलं का?" कोणी घेतलं नसेल तर काळजीत पडायच्या. "सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत ना?"

अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आलेला एक आयटीतला तरुण होता. त्याची आई डब्यातला मऊ भात त्याला भरवत होती, आणि भरवून झाल्यावर कंगव्याने त्याचा भांग पाडत होती. बाई पलंगापाशी थांबल्या.

"लग्न झालंय का यांचं?"

"ठरलंय हो नुकतंच," आई कौतुकाने म्हणाली.

"मग हात असल्याचं मुलीकडच्यांना कळू दे," असं म्हणून त्यांनी कंगवा मुलाच्या हातात दिला. तो बिचारा लाजेने लाल झाला. आई तडक माझ्या टेबलाशी आली, हे सांगायला नकोच.

डॉक्टरांचीही सुटका नसे. एक तरुण डॉक्टर वॉर्डाच्या दारातूनच "सगळं ठीक ना?" असं विचारून निघाले होते. बाई त्यांच्या मागे गेल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "डॉक्टर, आपण दाराला विचारलंत. पेशंट आत आहे." डॉक्टर परत आले. पुण्यात राहून ज्याला असं बोलणं लागतं त्याने गाव बदलावं.

पण बाई नुसत्या खाष्ट होत्या असं चित्र तुमच्यापुढे उभं राहिलं असेल तर ते मला पुसायला हवं. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या पलंगावर एक पेशंट होती, तिचं दुखणं बरं होणारं नव्हतं आणि तिला बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. तिला मेट्रनबाईंनी त्यांचा तो प्रश्न एकदाही विचारला नाही. संध्याकाळी तिचे केस हलक्या हाताने विंचरत त्या उलट म्हणायच्या, "आज मी काय काय केलं, सांगू का?" मग भाजीवाल्याशी झालेल्या भांडणापासून मुख्याध्यापकांच्या पत्रापर्यंत सगळं सांगत बसायच्या. ती डोळे मिटून हसायची. मी एकदा दाराशी उभा राहून ते ऐकलं.

आता काकांची गोष्ट सांगतो, कारण बाई मला खऱ्या कळल्या त्या तिथे.

काका खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. राहायला आमच्याच भागात, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरी दोघंच, ते आणि काकू. काकूंचे गुडघे इतके गेलेले, की त्या कित्येक महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या. काका न्हाणीघरात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. हाडात सळई बसली, आणि दुसऱ्याच दिवसापासून उभं राहायला हरकत नाही असं सर्जननी सांगितलं.

काका उभे राहिले नाहीत.

कुरकुर म्हणाल तर शून्य. जेवण छान, सिस्टर छान, पंखा छान. मावशींची, म्हणजे वॉर्डातल्या आयाबाईंची, ते नावानिशी चौकशी करत. मी समाधानाबद्दल विचारलं की दोन्ही हात जोडून म्हणत, "स्वर्ग आहे हो हा!" संस्थेच्या अध्यक्षांना ते इतके आवडले, की त्यांचे दोन शब्द मोबाइलवर चित्रित करून लोकांना दाखवावेत अशी सूचना आली. मीही खुशीत होतो. बाईंना सांगायला गेलो.

"हा माझा सगळ्यात वाईट पेशंट आहे," त्या म्हणाल्या.

"अहो, किती खूश आहेत ते!"

"तेच म्हणतेय मी."

आमची फिजिओथेरपिस्ट नागपूरकडची गोड मुलगी होती. ती रोज वॉकर घेऊन त्यांच्यापाशी उभी राहायची. "काका, एकदा उभे तर राहा ना जी." काका तिला आशीर्वाद द्यायचे आणि कूस बदलायचे. बाईंनी विचारलं, "आज काय केलंत?" तर उत्तर ठरलेलं. "आराम केला. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय."

काका उठत नाहीत म्हटल्यावर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने मार्ग काढला. काकांना चिंचवडच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं आणि काकूंना नाशिकला बहिणीकडे पाठवायचं. मुलगा वाईट नव्हता. जिना चढू न शकणारा बाप आणि जिना उतरू न शकणारी आई, दोघांना दुसऱ्या मजल्यावर एकटं कसं ठेवणार? पण पन्नासएक वर्षं एकत्र काढलेली ती दोघं दोन गावांना पडणार होती. काकू रोज फोन करायच्या. काकांचा फोन स्पीकरवर असे, त्यामुळे ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जायचं. "कधी येताय?" "येतो, येतो," काका म्हणायचे आणि फोन उशाखाली सरकवायचे.

एका सकाळी बाईंनी हुकूम काढला. काकांचा चहा यापुढे पलंगावर जाणार नाही, वॉर्डाच्या टोकाला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला जाईल. काका वॉकर घेऊन तिथपर्यंत आले नाहीत. चहा निवला. दुपारी तेच. संध्याकाळी मुलगा माझ्यापुढे उभा होता. माणसाला दिवसभर चहा नाही, आणि तोही पुण्यात! प्रकरण थेट अध्यक्षांकडे गेलं.

अध्यक्ष सज्जन होते. बाईंना म्हणाले, "बाई, आपल्याला पेशंटचं समाधान पाहायला हवं."

"पाहतेच आहे. आणखी काही दिवस असंच समाधान राहिलं तर ते पुन्हा चालणार नाहीत. चहा हवा की घर हवं, ते त्यांनाच विचारू या. चला."

आम्ही सगळे वरात काढल्यासारखे त्यांच्या मागोमाग वॉर्डात गेलो.

"काका, तुम्ही चिंचवडला आणि काकू नाशिकला. चालेल?"

"चालेल की. मुलगा करतोय ते बरोबरच आहे," काका सवयीने हसत म्हणाले. मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरले. "नाही हो चालणार."

काका थांबत थांबत बोलू लागले. न्हाणीघराला आतून कडी होती. ते पडले तेव्हा काकू दाराबाहेर होत्या. शेजारी धावून आले आणि त्यांनी दार फोडलं, पण तोपर्यंत काकू बाहेर दार बडवत होत्या, हाका मारत होत्या, आणि काकांना आतून नीट ओ देता येत नव्हती. "ते हाका मारणं अजून ऐकू येतं मला. पुन्हा पडलो तर ती एकटी काय करेल? झोपलेला माणूस पडत नाही, बाई."

मेट्रनबाईंनी चष्मा कपाळावरून काढला, पदराने पुसला.

"मी तुम्हाला आळशी समजत होते, काका. चुकलं माझं," त्या म्हणाल्या. त्यांना चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "पडणार नाही असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. कोणीही पडेल. पण पडल्यावर एकट्याने उठायचं कसं, ते शिकवते."

त्यांनी मावशींना गादी जमिनीवर टाकायला लावली. आणि मग ती साठीला टेकलेली, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतली बाई सगळ्या वॉर्डासमोर गादीवर आडवी झाली. अध्यक्ष घाईघाईने छताकडे पाहू लागले. "पडलात की आधी घाबरायचं नाही, दम घ्यायचा. मग असं चांगल्या पायाच्या कुशीवर वळायचं. कोपरावर जोर द्यायचा. मग सरकत सरकत खुर्चीपाशी जायचं." सांगत सांगत त्या खुर्ची धरून उठल्या. अंबाडा सुटला होता, साडी चुरगळली होती आणि धाप लागली होती. फिजिओथेरपिस्ट बाजूला बसून प्रत्येक हालचाल काकांना समजावत होती.

"बाई, मध्ये कण्हलात तुम्ही," काका म्हणाले.

"कण्हायला परवानगी आहे," बाई म्हणाल्या.

काका मोठ्याने हसले. त्यांचं नेहमीचं गोड हसणं नव्हतं हे. त्यांनी वॉकर मागितला.

त्यानंतर सोपं होतं असं मुळीच नाही. काका रडले, रागावले, एकदा तर माझ्याकडे येऊन त्यांनी बाईंविरुद्ध रीतसर तक्रारही केली. मी ती आनंदाने ऐकून घेतली, कारण ती करायला ते स्वतःच्या पायांनी माझ्या टेबलापर्यंत आले होते. पुढे वॉकर सुटून काठी आली, आणि सर्जनच्या परवानगीने जमिनीवरून उठण्याचीही तालीम झाली. मग रुग्णालयाचा जिना. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा," हे सगळ्या वॉर्डाला पाठ झालं. बाईंनी मुलाला बोलावून दोन कामं सांगितली. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढायची आणि भिंतीला धरायला दांडा लावायचा. चिंचवड आणि नाशिक हे विषय पुन्हा कोणी काढले नाहीत.

काकांना घरी सोडायला बाई फिजिओथेरपिस्टला घेऊन स्वतः निघाल्या आणि मलाही ओढून नेलं. मुलाने खबरदारी म्हणून काकांना खुर्चीत बसवून वर न्यायला माणसं आणून ठेवली होती. बाईंनी त्यांना नमस्कार करून बाजूला उभं केलं. फिजिओथेरपिस्ट काकांच्या मागे एक पायरी ठेवून चढू लागली. बाई जिन्याखाली थांबल्या.

काका एकेक पायरी घेत होते, मध्येच थांबत होते. वरून काकूंचा आवाज आला, "सावकाश हो, सावकाश!" एका वळणावर काकांची काठी घसरली. मुलगा धावणार होता, बाईंनी मान हलवून त्याला थांबवलं. काकांनी कठडा धरला, दम घेतला आणि पुन्हा पाय उचलला. तेव्हा माझं लक्ष बाईंच्या हातांकडे गेलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. बोटं पांढरी पडली होती. त्यांना किती धावून जावंसं वाटत होतं ते मला त्या दिवशी कळलं.

वरच्या मजल्यावर पावलं थांबली. "आलात?" काकू म्हणाल्या. "आलो," काका म्हणाले. बाईंनी हात सोडले, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "पाहताय काय? चला, वॉर्डात जेवणं वाढायची आहेत."

बाई निवृत्त होऊन आता साताऱ्याला भावाकडे असतात. नव्या मेट्रन मनमिळाऊ आहेत, वॉर्ड चकाचक आहे, आणि माझ्या टेबलावर आता फक्त पार्किंगच्या तक्रारी येतात. अध्यक्ष समाधानी आहेत. मी नाही.

परवा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका गृहस्थांना मी नेहमीसारखं विचारलं. ते उशीला टेकून तृप्त आवाजात म्हणाले, "इतकं छान ठेवलंय हो तुम्ही, उठावंसंच वाटत नाही." बाजूला उभी असलेली नवी सिस्टर आनंदाने माझ्याकडे पाहू लागली. मला एकदम बाईंची आठवण आली. मी त्या गृहस्थांचे आभार मानले नाहीत. पलंगाखालच्या त्यांच्या चपला काढून त्यांच्या पायांपुढे नीट मांडल्या आणि फिजिओथेरपिस्टला हाक मारली.

संध्याकाळी त्या गृहस्थांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली.