नव्या सीडीत नसलेली खुर्ची

“आदी आवाज सारखा करा, सर,” असं म्हणतच ते दुकानात शिरायचे. नमस्कार-चमत्कार नंतर. उजवा तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवायचे, ताप बघायला कपाळावर ठेवावा तसा, आणि पिशवीतून दोन सीड्या काढायचे. अल्बम एकच. एक सीडी जुनी, पहिल्यांदा निघालेली. दुसरी त्याच गाण्यांची, नव्याने झाडूनपुसून काढलेली, रीमास्टर्ड.

नवी सीडी मुळातच जोरात वाजते, आणि जोरात वाजणारं कानाला आधी चांगलंच वाटतं. म्हणून दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना करायची नाही, हा त्यांचा नियम. मी टिळकवाडीत जुन्या कॅसेटी आणि लग्नाच्या टेपा पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं दुकान चालवतो. माझं पोट आवाजावर चालतं, पण ही अक्कल मला त्यांच्याकडून आली.

ते वडगावचे, पिढीजात विणकर. घरात चार पॉवरलूम. वय साठीच्या पुढचं, भुवयांत सुताची बारीक लव अडकलेली. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता आणि ऐकायचे ते पन्नास वर्षांपूर्वीचं विलायती रॉक. मला आधी हसू आलं होतं. तुम्हालाही येत असेल तर येऊ दे. माणसाच्या कपड्यांवरून त्याचे कान ओळखायची खोड आपल्या सगळ्यांनाच आहे.

ऐकून झालं की निकाल साडीच्या भाषेत. “नव्याला खळ लई दिलीया. कडक दिसतंय, पर कापडाचा जीव गेलाय.” आणि खरंच तसं असायचं. हळू आणि मोठा यांतला फरक दाबून टाकलेला, सगळंच ताठ. कधी उलटही व्हायचं. “ह्यात ढोल सुटा झालाय. बरं केलंय,” म्हणायचे. नवं ते वाईटच, असा त्यांचा हट्ट नव्हता. फक्त एक प्रश्न दर वेळी ठरलेला.

“नवीन करताना ह्ये लोक काय काय काडून टाकत्यात?”

मी सांगायचो. टेपची खरखर काढतात. कुणाचा खोकला, कुठं काही आपटल्याचा आवाज, तेही जातं कधी कधी.

“म्हंजे मुळात असतंय त्ये?”

“असतं की, अण्णा.”

“आनि काडलं की कुनाला कळत न्हाय, व्हय?”

“कसं कळणार?”

ते मान हलवायचे आणि माझ्या ओठांकडे बघत राहायचे. मला ती ऐकण्यातली एकाग्रता वाटायची.

एके दिवशी मला दुर्बुद्धी सुचली. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, मला चेष्टेची लहर आली. मी सीडी बदलल्याचं नाटक केलं आणि तीच जुनी सीडी पुन्हा लावली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “ही नवीन. खळ हाय,” म्हणाले. मी हसत हसत गुपित फोडलं. गिऱ्हाइकंही हसली. अण्णांनी दोन्ही सीड्या पिशवीत घातल्या, पिशवीचे बंद नीट आवळले आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला मी वडगावला गेलो. आत लूम धडधडत होते. ते बाहेर कट्ट्यावर येऊन माझ्यासमोर बसले, अगदी तोंडासमोर.

“तुमचं काय चुकलं न्हाय,” ते म्हणाले. “चाळीस वर्सं ह्या खोलीत गेली. हितं कुनी कुनाचं आयकत न्हाय, ओठ बघतोय आमी. मोठं आवाज कळत्यात, ढोल हाताला कळतोय. बारीक सगळं कवाच गेलं. आमच्या घरात सगळ्यांचंच गेलं. त्येला कुनी बहिरं म्हनत न्हाय हो हितं.”

मग त्यांनी धाकट्या भावाचं सांगितलं.

घरात तो एकटाच कॉलेजला गेलेला, लूमवर कधी न बसलेला. रॉकचं वेड त्याचं. गोव्याहून सीड्या आणायचा. एका अल्बममधल्या गाण्याबद्दल तो सांगायला लागला, की ह्यात मागे कुणीतरी बसलंय, त्याची खुर्ची कुरकुरते. घरातल्या सगळ्यांना समोर बसवायचा, गाणं लावायचा आणि ती जागा आली की बोट उचलायचा. आई, वडील, थोरला भाऊ म्हणजे अण्णा, सगळी जन्मभर लूमवर राबलेली माणसं. एकालाही काही ऐकू आलं नाही. तो चिडायचा, रडायचा, पुन्हा लावायचा. जेवण कमी झालं होतं, बोलणं तर तुटलंच होतं. घर घाबरलं.

“डाक्टरला मीच सांगितलं, सर. म्हनलं, नसलेला मानूस त्येला आयकू येतोय. त्येनी लिवून घेतलं. गोळ्या चालू झाल्या. मला म्हनायचा, अण्णा, तू तर आयकलास न्हवं? तू तर आयकू आलं म्हन. मी न्हाय म्हनलो. खोटं कसं बोलायचं?”

ती सीडी त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. महिन्याभरात भाऊ एका सकाळी खानापूरच्या गाडीत बसला, तो परत आलाच नाही. काही दिवस शोधाशोध झाली. मग डोकं फिरलेला माणूस कुठं म्हणून शोधायचा, असं म्हणून घर गप्प बसलं. त्याला वीस वर्षं होऊन गेली.

त्या अल्बमची नवी सीडी त्यांनी केव्हाच मिळवली होती. सुनेचे कान चांगले, ती खानापूरकडची शेतकऱ्याची लेक. तिने चार-चारदा ऐकून खुर्ची नाही म्हणून सांगितलं होतं. पण जुन्या सीडीत होती का? ती काही मिळत नव्हती. दुसऱ्याच अल्बमांच्या दोन-दोन सीड्या घेऊन, नव्यातून काय काढतात हे विचारायला ते माझ्याकडे का यायचे, ते मला त्या कट्ट्यावर कळलं.

“खुर्ची नसंल तर मी बरोबर हुतो,” ते म्हणाले. “असंल तर...”

अल्बमचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच मोबाईलवर लावाल आणि कान देऊन बसाल. तुमच्या मागे ते लागावं अशी माझी इच्छा नाही.

चार-पाच महिन्यांनी हिंडलग्याच्या एका घरातून कॅसेटींचं खोकं आलं. तळाशी काही जुन्या सीड्या होत्या, त्यांना नको असलेल्या. त्यात तो अल्बम होता, पहिल्यांदा निघाला तोच. मी दुकानाचं दार लोटून घेतलं, हेडफोन लावला आणि ते गाणं ऐकत बसलो. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा डाव्या कानात एकदाच, अगदी हलकं. लाकडी खुर्चीत जड माणूस बसल्या जागी सरकतो तसं. एकदा ऐकलं की ते न ऐकणं जमत नाही. मी वळून मागे बघितलंसुद्धा, आणि स्वतःच्याच दुकानात मला भीती वाटली.

आठ दिवस सीडी खणात पडून होती. खुर्ची नव्हती म्हणून सांगणं किती सोपं होतं. एका म्हाताऱ्याचे उरलेले दिवस सुखाने गेले असते. पण गंमत म्हणून का होईना, त्यांना मी एकदा फसवलं होतं. दुसऱ्यांदा धीर झाला नाही. निरोप धाडला.

ते आले, बसले. “तोंडानं काय बोलू नका, सर. तुमी मऊ मनाचं, गोड बोलशिला. कुठं येतंय तेवढं बोट उचला. जागा मी तुमाला सांगितल्याली न्हाय.”

जागा त्यांना पाठ होती. भावाचं बोट तिथे शेकडो वेळा उठलेलं त्यांनी पाहिलं होतं.

गाणं सुरू झालं. हात स्पीकरवर, नजर माझ्यावर, आणि ओठांवर ढोलाच्या ठोक्यांची मोजणी. बोट उचलायचंच नाही, असं मी मध्येच एकदा ठरवलं. मग ते आलं, आणि बोट उचललं गेलं. त्यांची मोजणी त्याच ठोक्याला थांबली.

“परत लावा.”

परत लावलं. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच.

त्यांनी स्पीकरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. रस्त्यावर रिक्षावाल्यांचं कन्नडमध्ये भांडण चाललं होतं, ते मी ऐकत राहिलो.

“बाकी काय काय आयकत हुता त्ये मला ठावं न्हाय,” ते शेवटी म्हणाले. “पर ह्ये खरं हुतं.”

मी सीडी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. “मला काय उपेग तिचा,” म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. सून एकदा पेनड्राइव्ह घ्यायला आली तेव्हा तिने सांगितलं, “मामंजींनी लूमवर बसायचं सोडलंय. फोटो घेऊन गाडीत बसत्यात. खानापूर, लोंढा, कुठं कुठं उतरत्यात. आमी सांगून दमलो.” फोटो भावाचा, वीस वर्षांपूर्वीचा. मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात मी गोव्याला निघालो होतो. गाडी खानापूरला थांबली आणि ते फलाटावर दिसले. माझ्याकडे पाठ होती. चहावाल्याला फोटो दाखवून ते त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने नाही म्हणून मान हलवली. मी खिडकीतून हाक मारली, “अण्णा!” अंतर चार हातांचं असेल. गाडी हलली. मी पुन्हा हाक मारली, जीव खाऊन. डब्यातली सगळी माणसं माझ्याकडे वळली. ते मात्र बाकड्यावर बसलेल्या एका बाईसमोर फोटो धरून उभे होते.