पुढच्या स्क्रूचे अडीच फेरे

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. हजर: बाबा, आई, गडमुडशिंगीचे मिस्त्री आणि मी. गाडी अंगणात, बॉनेट उघडं. गैरहजर: माझा भाऊ. त्याला बोलावलं होतं. त्यानं फोनवरून शुभेच्छा पाठवल्या.

गाडी आईबाबांच्या लग्नाच्याही आधीची, विलायती, दोन कार्बोरेटरची. एक पुढच्या दोन सिलिंडरना पुरवतो, दुसरा मागच्या दोनांना. दोघांनी हवा सारखी ओढली तर गाडी शांत चालते. नाही ओढली तर उभ्या जागी थरथरते. आमची वर्षभर थरथरत होती आणि सिग्नलला बंद पडत होती. आईनं अट घातली होती. पुढच्या रविवारी तिच्या माहेरी, हुपरीला, वास्तुशांत होती. गाडी सुधारली तर गाडीतून, नाहीतर ती एसटीनं जाणार.

माझ्या वहीत त्या दिवशी दोन कामं होती. एक, कार्बोरेटर. दोन, बाबांचे कान तपासून घेणे. दुसरं काम मी गेल्या दिवाळीच्याही आधीच्या दिवाळीपासून एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवत आणलं होतं. आईचं म्हणणं, बाबांना ऐकू येत नाही. बाबांचं म्हणणं, आई पुटपुटते. आईचा आवाज दोन घरं सोडून जातो. महिन्यापूर्वी एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत शेजारी आला आणि बाबांनी नेमकी त्याच्याकडेच गाडी वळवली. तो वाचला. जाताना बरंच काही बोलून गेला. बाबांना तेही ऐकू आलं नाही.

कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की बाबांचं उत्तर ठरलेलं. "ह्या कानांवर मी दोन कार्बोरेटर जुळवतो. त्या डॉक्टरला म्हणावं, तू एक जुळवून दाखव."

जुळवण्याची त्यांची पद्धत अशी. इंजिन गरम करायचं, एअर फिल्टर काढायचे, दोन्ही कार्बोरेटरना जोडणारा दांडा सैल करायचा. मग हातभर रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी धरायचं. आत हवा फुसफुसते. दोन्हींची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचे आणि दांडा परत आवळायचा. पद्धतीत काही चूक नाही. बाबांनी चाळीस वर्षं तेवढ्यावर काढली आहेत आणि गावातल्या दोन-तीन जुन्या गाड्याही त्यांच्याच कानावर चालल्या आहेत.

मिस्त्रींनी पिशवीतून एक यंत्र काढलं. काचेची नळी, आत तांबडा गोळा, बाजूला आकडे.

"हे काय? गाडीचा ताप बघतोस व्हय?" बाबांनी विचारलं.

"हवा मोजतंय आण्णा. उसनं मागून आणलंय. मोडू नगासा."

मागच्या कार्बोरेटरला लावलं, गोळा पाचावर. पुढच्याला लावलं, आठावर. बाबांनी नळी घेतली, पुढचा ऐकला, मागचा ऐकला.

"सारखं हायत."

"न्हाईत की आण्णा. पुढचा लई ओढतोय."

"मीटर बिघडलंय तुझं."

मिस्त्रींनी परत मोजलं. पाच आणि आठ. मग मला मोजायला लावलं. पाच आणि आठ.

"तीनदा बिघडलंय," बाबा म्हणाले.

मी वही उघडली. दर वेळी स्क्रू किती फेरे उघडला ते मी कॉलेजात असल्यापासून लिहून ठेवते. कशासाठी, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं आहे. मागचा स्क्रू सुरुवातीपासून दीड फेरा. पुढचाही आधी दीड. मग काही वर्षांनी पावणेदोन. मग दोन. मग सव्वादोन. आता अडीच. मी ओळीनं वाचून दाखवलं.

"स्क्रू झिजलाय," बाबा म्हणाले.

"नवा हाय," मिस्त्री म्हणाले. "गेल्या साली तुम्हीच की उद्यमनगरातनं करून आणलासा."

बाबा नळी घेऊन परत वाकले तेव्हा मी कार्बोरेटर सोडून त्यांच्याकडे बघितलं. कार्बोरेटर गाडीच्या डाव्या अंगाला आहेत. तिथं उभं राहिलं की पुढचा आपल्या डाव्या हाताला येतो, मागचा उजव्या. बाबा पुढचा डाव्या कानानं ऐकत होते आणि मागचा उजव्या. चाळीस वर्षं असंच.

"बाबा, पुढचा उजव्या कानाला लावा."

"का?"

"लावा की."

त्यांनी लावला. मग डाव्या कानाला. मग परत उजव्या. इंजिन थरथरत होतं. मडगार्डवर ठेवलेली चहाची कपबशी एकसारखी वाजत होती. बाबांनी हात पुढं केला. मी स्क्रूड्रायव्हर दिला. उजवा कान नळीला लावून त्यांनी पुढचा स्क्रू एक फेरा बंद केला. कपबशी वाजायची थांबली. मिस्त्रींनी मीटर लावलं, पाच आणि पाच. बाबांनी तिकडं बघितलं नाही. दांडा आवळला आणि म्हणाले, "झालं. दोन्हीला एकच कान लावायचा. डॉक्टर कशाला पायजे?"

"व्हय की," मिस्त्री म्हणाले. "दुसरा काय, स्पेअर."

पायरीवर आई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अहो, गाडीत मी कुठल्या बाजूला बसते?"

"माझ्या शेजारी. आणि कुठं बसणार?"

"म्हणजे डाव्या अंगाला."

मोटरसायकलवालाही डावीकडूनच आला होता.

"राधानगरीला गेलतो, तेव्हा जाता-येता बोलत होते मी."

"मी व्हय व्हय म्हणत होतो की!"

"येताना मी विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊ का. तुम्ही व्हय म्हणालासा. परत कधी विषय काढला न्हाईसा. मला वाटलं, नको असंल."

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरू लागले. ती आधीच भरलेली होती.

"कधी विचारलंस?" बाबा म्हणाले.

"श्रावणात."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर फडक्यानं पुसला. दोनदा पुसला. मग मला म्हणाले, "लिही. गुडघ्याचा डॉक्टर. एक नंबरला."

"आणि कान?"

"त्याच्या खाली."

पुढच्या रविवारी हुपरीला गाडीतूनच गेलो. आई मागच्या सीटवर उजवीकडे, बाबांच्या बरोबर मागं बसली आणि जाता-येता त्यांच्या उजव्या कानाशी बोलत राहिली. बाबांची शेजारची सीट रिकामी बघून माहेरच्यांना वाटलं, दोघांचं भांडण झालंय. गाडी कुठंही थरथरली नाही. उतरल्यावर आई म्हणाली, आज यांनी दोनदा "न्हाय" म्हटलं, बरं वाटलं.

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे बाबा स्वतः जाऊन वेळ घेऊन आले. तपासणी झाली, एक्स-रे झाला, तारीख ठरली. पहिल्या कामावर रेघ मारली.

कानाच्या डॉक्टरांचं बाबा म्हणाले होते, हुपरीहून आल्यावर बघू. हुपरीहून येऊन तीन आठवडे झाले. काल वहीचं नवं पान सुरू केलं. काम दुसरं, बाबांचे कान तपासून घेणे: बाकी.