वेंडेलचा कुत्रा

टेनर्स गॅपच्या स्टेट पार्कात तंबू ठोकायला येणारे लोक सापाला भ्यायचे नाहीत, लॅली क्रिस्पला भ्यायचे. ती तिथली कॅम्पची राखणदार. पगार नाही, त्याबदली फाटकाजवळ ट्रेलर उभा करायला जागा, वीज आणि पाणी. तिचा नवरा वेंडेल शाळेची बस चालवायचा. त्याला विसर पडायला लागला, ओढ्याकाठचं घर औषधपाण्यात गेलं, तेव्हापासून दोघं त्या ट्रेलरमध्येच राहायची. वेंडेल माझा चुलतभाऊ. मी पार्कातली न्हाणीघरं धुते, त्यामुळं माझं जाणंयेणं रोजचंच.

लॅलीचा कायदा एकच. खायची वस्तू उघड्यावर दिसली की तंबू हलवा. अन्न ठेवायला प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी आहे, ती काही शोभेसाठी नाही. एकदा तिनं एका बाईला भर पावसात हाकललं. टेबलावर बेकनचा तवा तसाच राहिला होता, एवढंच.

"पोर झोपलंय हो," ती बाई म्हणाली. "पाऊस थांबला की लगेच निघतो."

"अस्वलाला सांगा थांबायला," असं म्हणून लॅली स्वतःच खुंट्या उपटायला लागली.

मी नंतर तिला म्हटलं, "काळीज आहे का दगड गं तुझं?"

"दगडच बरा. दगडाला कोणी जागेवरून उठवत नाही."

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक अस्वल दिसायला लागलं. वयानं लहान, आईनं नुकतंच वेगळं केलेलं, तपकिरी नाकाडाचं. लोक हरखले. धबधब्याची वाट चढायला आलेले अर्ध्यातून परत फिरून त्याच्या मागं कॅमेरे घेऊन हिंडायचे. पण आमच्या रेंजरचा, हेन्स्लीचा, चेहरा उतरला.

"लॅलीबाई, हे माणसाला बिचकतच नाही," तो म्हणाला. "कोणीतरी हातानं खायला घालतंय. हुडकून काढा."

लॅलीनं कॅम्प पिंजून काढला. लोकांच्या पिशव्या उपसल्या, कचऱ्याचे डबे उलटे केले, तीन-चार कुटुंबं बाहेर काढली. आणि एका सकाळी ती ट्रेलरच्या मागं कपडे वाळत घालायला गेली, तर वेंडेल खुर्चीत बसलेला. तळहातावर मक्याच्या पावाचा तुकडा. अस्वल त्याच्या गुडघ्याशी उभं राहून खात होतं.

"हळू खा, बडी," तो सांगत होता. "ठसका लागेल."

बडी म्हणजे त्यांचा कुत्रा. मरून कैक वर्षं झाली होती.

हे तिनंच मला सांगितलं, घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता.

"हेन्स्लीला सांगून टाक," मी म्हणाले.

"सांगितलं की जागा गेली. मग याला घेऊन कुठं जाऊ? तुझ्याकडं?"

मी शेंगा मोडत राहिले.

तिनं पाव कुलपात ठेवायला सुरुवात केली. वेंडेलला सकाळी आत कोंडायची आणि अस्वल आलं की पातेलं बडवून पिटाळायची. आत वेंडेल दारावर थापा मारत रडायचा. अस्वलाची सवय मात्र सुटली नाही. मागच्या दारी मिळेना, तेव्हा ते तंबूंकडं वळलं.

नॅडीन शुल्ट्झ नावाची शिक्षिका शार्लट शहरातून एकटीच आली होती. पक्षी बघायचे, डोंगर चढायचा, एवढाच तिचा बेत. नियमाला इतकी पक्की की दात घासायची पेस्टसुद्धा पेटीत ठेवायची. पहाटे अस्वलानं तिचा तंबू फाडला. ती किंचाळली, तशी त्यानं तिच्या हाताची दंडापासून मनगटापर्यंत सालटी काढली आणि पळून गेलं. रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. हेन्स्ली यायच्या आत लॅली त्या फाटक्या तंबूत एकदा वाकून आली.

हेन्स्लीला उशीपाशी मधाच्या बनपावाचा चिकट कागद सापडला.

"शिकलेली माणसं ही," लॅली म्हणाली. "आणि झोपतात खाऊ उशाशी घेऊन."

नॅडीन दवाखान्यातून पुन्हा पुन्हा सांगत होती की तो कागद तिचा नाही. कोण ऐकणार? तिला दंड झाला. बातमी छापून आली. बिचाऱ्या जनावराचा जीव हिच्यामुळं जाणार, म्हणून अनोळखी लोकांनी तिला नाही नाही ते ऐकवलं. तिच्या शाळेतली मुलं तिला 'अस्वलबाई' म्हणायला लागली.

माणसाला ओरबाडणारं अस्वल जिवंत ठेवत नाहीत. हेन्स्लीनं पिंजरा लावला, पण ते त्याच्याकडं फिरकेना. दुसरा तंबू फाटला असता तर चौकशी पुन्हा उघडली असती. लॅलीनं विचार केला आणि हेन्स्लीला म्हणाली, "माझ्या ट्रेलरमागं येतं कधी कधी. तिथं बसा."

त्या दिवशी तिनं वेंडेलला स्वतः बाहेर नेलं, खुर्चीत बसवलं, मांडीवर गोधडी घातली. पाव दिला नाही. द्यायची गरजही नव्हती. लॉरेलच्या झुडपांकडं बघत त्यानं हाक मारली, "बडी, ये रे." आणि ते आलं.

मी न्हाणीघराच्या दारात बादली घेऊन उभी होते. हेन्स्ली लाकडांच्या राशीआड होता. ती हाक त्यानं ऐकली. त्यानं लॅलीकडं पाहिलं आणि सगळं त्याला कळलं, हे मला त्याच्या ताठरलेल्या मानेवरून दिसलं. पण नॅडीनला दोष देणारा अहवाल तर कधीच वर गेला होता, त्याच्याच सहीनं.

"वेंडेल, कॉफी निवतेय," लॅलीनं दारातून आवाज दिला.

वेंडेल उठून चार पावलं चालला. अस्वल खुर्चीपाशी थांबून त्याची गोधडी हुंगत होतं. हेन्स्लीनं एकाच गोळीत काम उरकलं. वेंडेल वळला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं अस्वलाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला तिथून सोडवायला आम्हाला तिघांना जोर लावावा लागला.

त्यानंतर तो रोज विचारायचा, "बडी कुठाय?"

"मेला," लॅली सांगायची. आणि तो रोज नव्यानं ऐकल्यासारखा रडायचा.

"हिंडायला गेलाय म्हणावं," मी एकदा म्हणाले. "काय बिघडतं?"

"खोटं कशाला बोलू नवऱ्याशी?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

पुढच्या वसंतात नॅडीन आली. उकडत असूनही लांब बाह्या घातलेल्या. शाळा तिनं सोडली होती. लॅली फाटकाजवळ पाटी रंगवत होती, वेंडेल शेजारी बसला होता.

"मला एकच विचारायचंय," नॅडीन म्हणाली. "तो कागद तुम्ही खरंच पाहिलात?"

"तुमच्या उशीपाशी," लॅली म्हणाली. ब्रश थांबला नाही.

नॅडीननं बाही मनगटावर ओढून घेतली. "मग मीच खाल्लं असेल आणि विसरले असेन. दमले होते फार. वर्षभर आठवून बघतेय, पण आठवत नाही." तिनं डोळे पुसले. "माझ्यामुळं त्या जनावराचा जीव गेला. माफी मागायला आलेय. आणखी कोणाकडं मागू, कळेना."

वेंडेलनं तिच्याकडं बघून मान हलवली. त्याला काय समजलं, कोण जाणे.

लॅलीनं ब्रश डब्यात बुडवला.

"गाडी आडवी लावलीय तुम्ही," ती म्हणाली. "बाजूला घ्या. लोकांना आत यायचंय."