डावा चौकोन

आमचे हे, म्हणजे श्रीनाथ, अठ्ठावीस वर्षं भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात कोऱ्या कापडाचे तागे तपासायला होते. दोष काढायचा पगार घेतला माणसाने! कुठे धागा सुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, यांच्या नजरेतून काही म्हणून सुटायचं नाही. ती सवय घरातही आली. माझ्या किती साड्या यांनी दुकानात परत नेल्या, देव जाणे. नेसायची मी, पास करायचे हे.

मुलगी अदिती लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा मी सांगूनच टाकलं, "तिची खोली आता माझी. रंगसुद्धा मीच ठरवणार." साठीला आले, पण माझी म्हणावी अशी ही पहिलीच खोली.

जवळच्या कोन गावातल्या बाळाराम पेंटरने भिंतीवर दोन चौकोन मारून दाखवले. डावा दुधावरच्या सायीसारखा, उजवा किंचित राखाडीकडे झुकणारा.

"ताई, मला तर दोनी सारखंच दिसतंय. काय फरक न्हाय," बाळाराम म्हणाला.

"उडदामाजी काळे-गोरे," मी हसले.

हे मात्र कपाटातून कापड तपासायचं भिंग घेऊन आले! सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, खिडकी लावून बघितलं. मग निकाल दिला, "उजवा घे. डाव्यात लालसर झाक आहे. संध्याकाळी दिवा लावलास की उठून दिसेल. मग सांगितलं नाही म्हणू नकोस."

माझं डोकंच फिरलं. "अहो, भिंत आहे ती, तागा नव्हे! बाळाराम, डावा लाव."

तोंडाने बोलले खरी, पण मनातून खात्री नव्हती. यांचा डोळा आजवर कधी चुकलेला नाही, हीच तर पंचाईत.

चौथ्या दिवशी रंग पुरता वाळला. तिन्हीसांजेला मी दिवा लावला आणि खरंच, सगळी भिंत लालसर झाली. हे दारात उभेच होते.

"आली की नाही झाक?"

मी बघतच राहिले. अगं बाई, काय सुरेख दिसत होती!

"आली हो," मी म्हटलं. "तुमचं बरोबर होतं. आणि मला हीच झाक आवडली."

यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आत यायला पाऊल उचललं आणि तिथेच थांबले.

"बसू का जरा इथे?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. या घरात कुठे बसायला यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"या ना," मी म्हटलं.