बाबांनी भरून ठेवलेल्या बॅटऱ्या

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी बाबांना ऑकलंडला आणलं. सहा महिने राहू देत, रुळले तर कायमचंच ठेवून घेऊ, असं मी आणि बायकोने ठरवलं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना एकटं ठेवायचं नव्हतं.

माउंट रॉस्किलमधलं आमचं घर भाड्याचं, लाकडी. गॅरेजमध्ये माझी रिमोटवरची विमानं आणि त्यांच्या डझनभर लिपो बॅटऱ्या. यांचे नखरे फार. उडवायच्या दिवशीच पूर्ण चार्ज करायच्या, एरवी अर्ध्यावर आणून पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. भरलेल्या तशाच आठवडेच्या आठवडे पडून राहिल्या तर फुगतात, आणि फुगलेली कधी पेट घेईल याचा नेम नाही. बाबांना मी चार्जर कसा चालतो ते हौसेने दाखवलं होतं. हे एवढं मात्र सांगितलं नव्हतं.

जून-जुलै म्हणजे इथला हिवाळा; सगळे रविवार पावसात गेले. एका संध्याकाळी पेटी उघडली, तर आठ बॅटऱ्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या. बाबा मागेच उभे होते, खुशीत. महिन्यापूर्वीच आपण सगळ्या फुल करून ठेवल्यात, म्हणाले. अचानक ऊन पडलं तर माझा खोळंबा नको. माणसाचा जन्म वीज खात्यात गेलेला, लोडशेडिंगपायी लोकांच्या शिव्या खाण्यात. वीज आहे तोवर टाकी, इन्व्हर्टर, मोबाइल, सगळं भरून घ्यावं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

हे सगळं आत्ता सुचतंय. तेव्हा घर पेटलं असतं एवढंच दिसलं आणि माझं तोंड सुटलं. काय काय बोललो ते लिहवत नाही. शेवटचं तेवढं लिहितो.

"बाबा, या घरात मला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

"बरं," म्हणाले, आणि आत गेले.

बायकोने मला चांगलंच फैलावर घेतलं. सकाळपर्यंत विसरतील गं, असं मी तिला सांगितलं. मी विसरलो, हे खरं.

पुढच्या आठवड्यात एकदा दुपारीच घरी आलो. बाहेर अंगाला झोंबणारा वारा होता. बाबा सोफ्यावर स्वेटर, कानटोपी आणि वर शाल घेऊन बसलेले. हात धरला तर बर्फ. हीटर बंद, किटली गार, सकाळपासून चहासुद्धा नाही. हीटर का नाही लावलात, मी विचारलं.

"फोन करून विचारणार होतो," ते म्हणाले. "पण म्हटलं, तू कामात असशील."

मला रडूच आलं. मी माफी मागितली. ते उलट माझीच समजूत घालायला लागले, चूक आपलीच म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून उरलेल्या बॅटऱ्या अर्ध्यावर आणून ठेवायचं काम मी त्यांच्याकडे दिलं. दहा मिनिटांत शिकले. पण दर वेळी बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, दाबू?

ऑगस्टमध्ये त्यांनी परतीच्या तिकिटाचं काढलं. अजून दोन महिने बाकी होते. राहा म्हणून मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. रागबिग काही नव्हता त्यांना. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, तिथे माझं घर आहे."