सगुणाबाईंनी उचललेलं गीत

जालन्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये गीत उचलायचं ते सगुणाबाईंनीच. दवाखान्यात आया म्हणून हाडं झिजवलेली बाई, पण आवाज खणखणीत. त्यांनी पहिली ओळ म्हटली की मंडळी मागून यायची. जर्मनीतल्या लुथरन पंथाची एक जुनी चाल, मराठी शब्दांसकट, मंडळीतल्याच बेबीनंदाला लहानपणी त्यांनीच मांडीवर बसवून शिकवली होती.

पुढं बेबीनंदा नगरला उषाबाईंकडं ऑर्गन शिकली आणि परत येऊन आपल्या चर्चच्या जुन्या, पायांनी भाता मारायच्या ऑर्गनवर बसू लागली. उषाबाईंनी तिला त्याच चालीची तीनशे वर्षांपूर्वीची एक मांडणी शिकवली होती. तिच्यात खालचे सूर एकमेकांच्या मागं धावत राहतात. वर चालीची एक ओळ येते, थांबते, आणि खालची धावपळ चांगली रंगल्यावर कुठं दुसरी ओळ येते. ऐकायची चीज ती, गायची नव्हे. पण हे मंडळीला आधी सांगावं, एवढं भान डोक्यात हवा गेलेल्या माणसाला कुठलं!

१९९४च्या नाताळात उषाबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. बेबीनंदानं ती मांडणी सुरू केली. ओळखीची ओळ कानी पडताच सगुणाबाई सवयीनं उठल्या आणि त्यांनी गीत उचललं. ओळ संपली, ऑर्गन भलतीकडंच गेला आणि सगुणाबाई दुसरी ओळ एकट्याच गात राहिल्या. मागच्या बाकांवर खसखस पिकली. बेबीनंदानं नुसती साधी चाल धरली असती तरी म्हातारी सावरली असती. तिनं धरली नाही. उलट उषाबाईंकडं बघून हसली.

त्यानंतर सगुणाबाई दाराजवळच्या बाकावर बसू लागल्या. ओठ हलायचे, आवाज नाही. गीत आता चर्चचे पाळकसाहेब उचलायचे, कसंबसं. बेबीनंदाच्या मनातून आपलं ते हसू जाता जाईना. शेवटी त्यांच्या घरी जाऊन तिनं म्हातारीचे पाय धरले.

“तुझं काई चुकलं न्हाई बाई,” सगुणाबाई म्हणाल्या. “मलाच कळलं न्हाई. तुमी शिकलेले लोक बराबर करून राह्यले.”

त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या नाताळात बेबीनंदानं तीच मांडणी वाजवायला घेतली. पहिली ओळ आली तशी ती स्वतःच मोठ्यानं गाऊ लागली. आज लोकांनी आपल्याला हसावं, म्हणजे फिट्टंफाट, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ओळ संपली. बोटं खालच्या सुरांत धावत होती आणि ती दुसरी ओळ भलत्याच जागी एकटीच गात होती. मागं कुणीतरी हसलं. ठरवून केलेलं असूनही तिची कानशिलं तापली, आवाज चिरकला आणि पुढचे शब्दच आठवेनात.

तेवढ्यात दाराकडून तोच खणखणीत, आता जरा फाटलेला आवाज उठला. सगुणाबाई उभ्या राहून ती विसरलेली ओळ म्हणत होत्या. मध्येच थांबून त्या मंडळीवर खेकसल्या, “हसून काय राह्यले? उठा जल्दी! लेकरू एकटं पडलंय.”

मंडळी उठली, गीत भरून आलं. बेबीनंदानं घाईनं साधी चाल धरली, पण रडता रडता तिचे पाय थांबले आणि ऑर्गन मुका झाला. फिट्टंफाट कसली! गेल्या वर्षी तिनंही एवढंच तर करायला हवं होतं.